काशीचं मावंदं

आमचे हे विलायतेला गेले आणि सासूबाईंनी शेणाळे तलावावर सांगून टाकलं, "काशीला गेलाय, वैद्यकी शिकायला." झालं! पारनाक्यावरच्या बायकांनी एकदा ऐकलेलं पुन्हा पुसता येतं होय? तेव्हापासून घरातल्या सगळ्यांनाच काशी पाठ करावी लागली. मला तर अंमळ जास्तच. धुणं घेऊन तलावावर गेले की कुणीतरी विचारायचंच, "काय गं, कुठल्या घाटावर स्नान करतो नवरा?" मी जन्मात कल्याणची खाडी ओलांडलेली नाही. देवाचं नाव घेऊन दशाश्वमेध म्हणायचे आणि पिळे भराभर बादलीत टाकायचे.

खोटं बोलायची आम्हाला हौस नव्हती. समुद्र ओलांडला की जात वाळीत टाकायची. पलीकडच्या आळीतला एक जण बॅरिस्टर होऊन आला, प्रायश्चित्त घेतलं, पंचगव्य प्यायला, तरी त्याच्या घरचं पाणी कुणी घेईना. त्याच्या धाकट्या बहिणीला अजून कुठलंच स्थळ उभं करत नाही. आमची ठकू, म्हणजे माझी नणंद, तिचं लग्न ठाण्याच्या भाऊसाहेब वकिलांच्या त्र्यंबकशी ठरलं होतं. वैशाखातला मुहूर्त धरला होता. ह्यांचं बिंग फुटलं असतं तर पहिली मोडली असती ती ठकूची सोयरीक. आणि नेमके लग्नाच्या तोंडावरच हे परत यायला निघाले.

मामंजी ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले. काशीहून येणारी गाडी घाट उतरून कसाऱ्याकडून येते, आणि बोटीतून उतरलेला माणूस मुंबईहून, म्हणजे ठाण्याकडून. कल्याणच्या स्टेशनावर रिकामटेकड्यांना काय तोटा? उलट्या बाजूनं आलेला काशीकर त्यांनी बरोबर हेरला असता. शेवटी मामंजींनीच तोड काढली. मुंबईला गाडीत बसायचं, कल्याण आलं की तोंडावर उपरणं घेऊन झोपेचं सोंग करायचं, पुढं वाशिंदला उतरायचं आणि तिथून उलट गाडीनं माघारी यायचं. बंदरावर माणूस धाडून त्यांनी हा निरोप पोचवला.

तसंच झालं. हे कसाऱ्याकडच्या गाडीतून उतरले, धोतर, उपरणं, पायांत वहाणा. बघायला आलेली शेजारीण म्हणाली, "अगबाई, काशीच्या उन्हात माणूस गोरा होतो वाटतं!" सासूबाई चटकन म्हणाल्या, "गंगेचं पाणीच तसं आहे हो." मला हसू आवरेना. दोन वर्षांनी नवरा दिसत होता आणि मी बघत होते शेजारणीच्या डोळ्यांकडे. त्याचा मला अजून राग येतो.

बरं, काशीहून आलं की मावंदं घालायला हवं. गंगा पूजायची, चार माणसांना जेवू घालायचं. नाही घातलं तर लोक विचारणारच. देवघरात सासूबाईंच्या सासऱ्यांनी आणलेला गंगेचा गडू होता, तोंड लाखेनं बंद केलेला. सासूबाईंनी तो चिंचेनं घासून लखलखीत केला आणि नवा म्हणून पाटावर मांडला. होणारे व्याही म्हणून भाऊसाहेबांना बोलावणं भागच होतं.

भाऊसाहेब आले. एरवी सात मजली हसणारा माणूस, पण त्या दिवशी पंगतीत मान वर करीना. ह्यांच्याशी तर एक शब्द नाही. आग्रहाची पोळीसुद्धा त्यांनी निमूट वाढून घेतली. माजघराच्या दाराआडून मी सगळं बघत होते. ठकू माझ्या मागं उभी राहून पदर ओढत होती. "वहिनी, रागावलेत का गं ते?" मी तिला गप्प बसवलं. माझ्या मनात तेच होतं.

पंगत उठली. भाऊसाहेबांनी मामंजींना आणि ह्यांना मागच्या पडवीत बोलावलं. मी विड्यांचं तबक घेऊन दाराशी थबकले.

"परवा कामासाठी मी ठाण्याच्या स्टेशनावर गेलो होतो," भाऊसाहेब म्हणाले. "मुंबईहून आलेल्या गाडीत तुमचे चिरंजीव दिसले. काशीहून कल्याणला येणारा माणूस ठाण्याला कसा काय पोचतो?"

कल्याणचं सोंग आम्ही पक्कं केलं होतं. वाटेत ठाणं लागतं, व्याही ठाण्याचे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मामंजींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हात जोडले. "भाऊसाहेब, पोरीचा यात काही दोष नाही. शिक्षा द्यायची ती मला द्या."

"अहो, हात कसले जोडता?" भाऊसाहेबांनी आवाज उतरवला. "आमच्या ठाण्यातली आणखी चार मुलं काशीला आहेत, आणि काशीत त्यातलं एकही नाही. दरसाल भरच पडतेय. लग्न आटोपलं की आमचा त्र्यंबकही निघणार. सुनेच्या माहेरी कळलं तर बोभाटा होईल, ही एकच धास्ती होती मला. परवा ह्यांना पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. म्हटलं, घर तोंड मिटून राहणारं आहे. पंगतीत ह्यांच्याकडे पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं, म्हणून खाली मान घालून जेवलो." मग ह्यांच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बोटीवर जेवणाखाण्याचं कसं करता हो?"

हे खुलले आणि सांगायला बसले. मामंजींनी पाणी मागून घेतलं. मी तबक ठेवून आत आले. बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

चुलीपाशी ठकू रडवेली होऊन बसली होती. "मोडलं का गं, वहिनी?"

"नाही मोडलं."

तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. त्या पोरीला मी काय सांगणार होते? लग्न पक्कं झालं होतं आणि माझी दोन वर्षं आता तिच्या पदरात पडणार होती. मी तिला जवळ बसवलं.

"ठकू, सासरी कधी रडू आलं ना, तर चूल फुंकायला बस. कुणी विचारलं तर धूर गेला म्हणायचं."

"मी कशाला रडेन?" ठकू हसली. "इतकं चांगलं सासर मिळालंय!" आणि डोळे पुसून ती उरलेल्या पोळ्या झाकायला उठली.