चष्म्याचा नंबर

आजऱ्याच्या बाजारातल्या त्या भाड्याच्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, एक पंखा आणि भिंतीवर आठ ओळींचा, डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता होता. तक्ता जुन्या भाडेकरूचा, एका चष्मेवाल्याचा. सरकारी अनुदानावर तरुणांसाठी चालणाऱ्या समुपदेशन केंद्रात समुपदेशक अनुजाने तो मुद्दाम राहू दिला होता. पोरं घरी ‘चष्म्याचा नंबर काढायला चाललोय’ सांगून येत. कुणी बोले, कुणी नुसतंच बसून जाई.

बारावीतला यशराज दर गुरुवारी येई. त्याला झोप नव्हती, जेवण जात नव्हतं. “घरात कळलं तर परत येणार न्हाय मी,” त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. अनुजाने शब्द दिला होता.

मार्चात तपासणीला साहेब आले. “फलक कुठाय? फलक नाही तर अनुदान नाही.”

अनुजाने तक्त्याचं कारण सांगितलं. साहेब हसले. “सरकार पैसा देतंय, मग लपवता कशाला?”

खोलीचं भाडंही त्याच पैशातून जायचं. तिने सहा फुटी फलक लावला: ‘युवा मानसिक आरोग्य केंद्र’. खाली फोन नंबर. पायरी चढणाऱ्या पहिल्याच पोराला समोरच्या चहाच्या गाड्यावरून हाक आली, “काय पावणं, येड्यांच्या शाळंत नाव घातलंय व्हय?” पोरगा तसाच मागे वळला. अनुदान मंजूर झालं. समोरची खुर्ची रिकामीच राहिली.

महिन्याभराने यशराजची आई, संयोगिता पायरीशी आली. काजूच्या चिकाने बोटं काळी पडलेली.

“हितं चष्म्याचं डॉक्टर बसायचं न्हवं? माझं यशराज यायचं की.”

“कुठंय तो, काकू?”

“घरात. महिना झाला, दार लावून पडतंय. डोळंच दुखत असत्याल.”

“त्याला आजच घेऊन या. नाहीतर मीच येते.”

संयोगिताने मान वर करून एकेक अक्षर लावत फलक वाचला. पदर ओढून घेतला. “बाई, माझं पोरगं येडं न्हाय. गडहिंग्लजला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्हेतो मी त्याला.”

अनुजा पायरीपर्यंत धावली. दिलेला शब्द मोडत म्हणाली, “काकू, त्याचं दुखणं डोळ्यांचं नाही हो!”

“तुम्हास्नी काय ठावं? तुम्ही काय डोळ्याचं डॉक्टर हाय?”

शनिवारी फलकावरच्या नंबरवर फोन आला. संयोगिताचा आवाज हलका झाला होता. “दावलं बाई. काय न्हाय म्हणालं डॉक्टर. पार खालची ओळ वाचली की त्यानं.”

“आणि आता काय करतोय?”

“पडलंय आत. दार लावून.”

गडहिंग्लजच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: उजवा डोळा सहा बाय सहा. डावा डोळा सहा बाय सहा.