पाय तेज, आवाज नाही

बालाघाटच्या स्टेडियमच्या हॉलमध्ये संध्याकाळी तीन वर्ग चालतात. एका कोपऱ्यात योगा, मधल्या गाद्यांवर ज्युदो आणि खिडकीकडे तायक्वांदो. आई म्हणाली, योगा शीक, शांत असतं. शांत! आमच्या घरात शांततेची काही कमी होती का? माझी मैत्रीण राखी ज्युदोत होती. तिच्या मते समोरच्याला धरून आपटण्यासारखी मजा कशात नाही. पण धरायला वेळ लागतो. मी बाकावर बसून तिन्ही वर्ग बघितले आणि तायक्वांदो निवडलं. त्यात पाय कधी उठला तेच समोरच्याला कळत नाही.

"काहून पण तेच?" आईनं विचारलं.

"फास्ट असते म्हणून."

खरं कारण तिलाही माहीत होतं. बाबांचा हात फार चपळ आहे. आई भाजी वाढता वाढता काही बोलायची आणि लगेच गाल धरून भिंतीशी उभी असायची. मधलं काही मला दिसायचंच नाही. मला ते दिसायला हवं होतं. त्या हाताला आडवं जाता यायला हवं होतं.

बाबा सरकारी नोकरीत, कॉलनीत त्यांना मान. त्यामुळे ते आधी टीव्हीचा आवाज वाढवायचे. त्यांनी रिमोट उचलला की मला कळायचं. आई कधीच ओरडली नाही. रडायचीसुद्धा तोंडात पदर कोंबून. शेजारच्या प्रेमलताकाकू कुंपणावरून चेष्टा करायच्या, "काय वो पौर्णिमा, तुमच्या घरी सगळे बहिरे हायेत का? तुमच्या बातम्या आमाले आमच्या घरी ऐकू येते." आई हसायची. त्या हसण्याचा मला संताप यायचा. काकूंचाही यायचा.

तायक्वांदोचा पांढरा ड्रेस बाबांनीच हौसेनं घेऊन दिला. लोकांसमोर ते माझं फार कौतुक करतात.

किक मी पटकन शिकले. अडलं ते ओरडण्याशी. प्रत्येक किकबरोबर पोटातून जोरात ओरडायचं असतं. गजेंद्र सर मला समोर उभं करायचे आणि माझ्या तोंडून आवाजच निघायचा नाही.

"पैर तो तेरे तेज़ हैं, वैदेही. आवाज़ किधर है? मुँह में दही जमा है क्या?"

सगळे हसायचे, मीही हसायचे, अगदी आईसारखी. पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेत सरांनी त्या एका आवाजापायी मला मागे ठेवलं. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून ओरडून पाहिलं. उशीतही आवाज फुटला नाही.

मग तो रविवार आला. आईनं बाबांना न विचारता किरनापूरच्या मामाला फोनवर सांगून टाकलं होतं की चार दिवस येते. दुपारी जेवणं झाल्यावर ते बाबांना कळलं. त्यांनी रिमोट उचलला. आवाज वाढला.

मी आतल्या खोलीतून धावत आले, तोवर आई गाल धरून भिंतीशी होती आणि बाबांचा हात दुसऱ्यांदा येत होता. या वेळी मला दिसलं. आधी खांदा हलतो, मग कोपर. मी मध्ये शिरले, हात आडवा धरला, आणि बाबांचा हात माझ्या मनगटावर आदळला. ते बघतच राहिले. माझा पाय तयार होता, त्यांची हनुवटी समोर होती. पण पाय उठेना. याच माणसानं सीट धरून मागे पळत मला सायकल शिकवली होती. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांना मारवतही नव्हतं.

त्यांचा हात पुन्हा उठला, आणि मी ओरडले. पोटातून, टीव्हीच्या आवाजाहून वर. मलाच माझी भीती वाटली.

बाबा खाली बसले. बाहेर फाटक वाजलं.

"काय झालं वो पौर्णिमा?" काकू ओट्यावर आल्या होत्या.

आईनं पदरानं गाल झाकला आणि ती दारात गेली. "काही नाही वो ताई. पोरगी कराटेची प्रॅक्टिस करून राह्यली."

"हौ का? मी तं घाबरूनच गेलती," काकू म्हणाल्या आणि वळल्या. त्यांना वळायचंच होतं.

माझ्या अंगाची आग झाली. "काकू," मी म्हणाले, "प्रॅक्टिस नाही."

आईनं मला थोबाडीत मारली. तिला मारायची सवय नाही. हात येताना मला पूर्ण दिसत होता, सहज अडवता आला असता. मी नाही अडवला. मारताना तिच्या गालावरचा पदर घसरला होता.

काकू तिच्या गालाकडे बघत उभ्या राहिल्या. मग चपला न काढता आत आल्या, बाबांच्या हातातून रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.