पीराचा झरा आणि पातळ हवा

मांत्रिक तोरोगेल्दीने एक गाय खालच्या झऱ्यावरून परत आणली आणि कारा-बेलच्या उंच कुरणावरचे सगळे तंबू तिला बघायला रिकामे झाले. महिन्यापूर्वी हीच गाय छातीशी पाण्याच्या मशकीएवढी सूज घेऊन धापा टाकत पडली होती. आता ती चरत होती.

"मी काही केलं नाही," तोरोगेल्दी डोळे मिटून म्हणाला. "पीराच्या झऱ्याने केलं. मी फक्त झऱ्याच्या नावाने वासरू मागतो."

झऱ्याचं पोट मात्र तोरोगेल्दीच्या कमरपट्ट्यावर सुटलेलं दिसत होतं.

गर्दीच्या मागे उमसुनाई उभी होती. ती तालुक्याला गुरांची डॉक्टर होती. विलायती वळूची संकरित गुरं फुगू लागली, गाभ टाकू लागली, तेव्हा तोरोगेल्दीने तिच्या आईचं, बुरुलचाचं नाव घेतलं होतं. नजर हिची, म्हणाला. तेव्हापासून बुरुलचाच्या हातचं दूध कोणी घेत नव्हतं. सख्ख्या भाच्याच्या लग्नाचं बोलावणंही आलं नव्हतं.

"आता आईच्या दोन संकरित कालवडी सुजल्यात," उमसुनाई पुढे येऊन म्हणाली. "एक तुम्ही इथेच बरी करा. झऱ्याचं पाणी वर आणा. दुसरी मी खाली नेते. झऱ्यावर नाही, पेट्रोल पंपामागे बांधते."

"पोरी, झऱ्याचं पाणी उंचावर रागावतं."

"मग सांगा सगळ्यांना, पीराला चढ चढवत नाही म्हणून."

कोणीतरी हसलं. आता नाही म्हणणं त्याला परवडणार नव्हतं.

तंबूत बुरुलचाने विचारलं, "वरची मरेल ना गं?"

"मरेल."

"तुला ठाऊक असून?"

"तुला चेटकीण म्हणाला तो, आई."

बुरुलचा उठली. मग स्वतःच जाऊन तिने लाडक्या तांबड्या कालवडीचा दोर तोरोगेल्दीच्या हाती दिला.

तांबडी गळ्यात ताईत घेऊन मेली. पंपामागची कालवड डिझेलच्या वासात, मंत्राशिवाय, सूज उतरून चरू लागली. म्हातारे स्वतः उतरून पाहून आले.

उमसुनाईने सर्वांदेखत मेलेल्या कालवडीची छाती फाडली. आतून पाणी वाहिलं. "हे बघा, हृदय केवढं फुगलंय. त्या विलायती वळूची जात सखल मुलखातली. इथल्या पातळ हवेत फुप्फुसातल्या नसा आवळतात, हृदय ढकलून ढकलून थकतं, पाणी छातीत उतरतं. जिथे गाईलाच श्वास पुरत नाही तिथे गाभ कसा टिकणार? तोरोगेल्दीचा झरा खाली दाट हवेत आहे, एवढीच याची करामत. बरी झालेली गाय वर आणली की पुन्हा सुजते, आणि याला पुन्हा वासरू मिळतं."

लोक आपापली वासरं सोडवायला तोरोगेल्दीच्या गोठ्याकडे निघाले, तेव्हा तो बुरुलचाच्या दाराशी येऊन बसला. "ताई, चुकलो. यांना आवर."

बुरुलचाने दारावरचा नमद्याचा जाड पडदा खाली सोडला.

"आम्हाला काय माहीत," एक बाई पुटपुटली.

"माहीत नव्हतं तर विचारायचं होतं," उमसुनाई म्हणाली. चाकू तिने अजून पुसला नव्हता. "गाय धापा टाकू लागली की खाली उतरवा आणि मला बोलवा. वळू आणाल तो इथल्या उंचीवर टिकणारा आणा. आणि गुरं आजारी पडली की आधी गुरांकडे बघा. दोष द्यायला बाई शोधू नका."