खिडकीखालचा बाक

सलील परचुरेची बदली बजबजच्या गोदामावर झाली. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालू, कारण सलीलही बरेच दिवस ती होणार नाही असंच धरून चालला होता.

बागबाजारातल्या त्या वजनकाट्यांच्या कंपनीत तो पुण्याहून या बंगाली मुलखात व्यवस्थापक म्हणून आला, तेव्हापासून त्याला बजबजची भीती घातली जात होती. तिथल्या गोदामात माणूस एकटा. आधीचे गृहस्थ तिथे काट्यांशीच बोलायला लागले होते. काटे ऐकून छान घेतात, असं म्हणायचे. सलीलला तर न बोलता दाढीही करता येत नसे.

अशात मुख्य कचेरीचं फर्मान आलं. आपुलकी ही एकट्या साहेबाची नव्हे, सगळ्यांची जबाबदारी आहे. पुण्याहून हेमंत साने येऊन एकेकाला विचारणार, ‘इथे तुमची विचारपूस होते का?’ एक जरी ‘नाही’ आलं, तरी सलील बजबजला. थोडक्यात, जबाबदारी सगळ्यांची, बजबज एकट्याचं.

ते ‘नाही’ कुणाकडून येणार, हेही ऑफिसला ठाऊक होतं.

रुजू झाल्या झाल्या सलीलने खिडकीखालचा लाकडी बाक काढला होता. त्या बाकावर चारच्या चहाला अड्डा जमायचा. कुणाच्या पोटात गॅस झालाय, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलंय, कुणाला रजा हवीय, सगळं तिथेच निघायचं आणि तिथेच मिटायचं. सलीलने बाकाच्या जागी फळा लावून त्यावर लिहिलं, ‘मोकळेपणाने बोला.’ त्या दिवसापासून कुणी बोललं नाही. बाक त्याच्या गॅलरीत गेला, आणि त्याच्या बायकोने, कादंबरीने, त्यावर कढीपत्त्याची कुंडी ठेवली.

सगळ्यांत जुने तपनदा तर समोर बसूनही सलीलशी शेजारच्या टेबलावरच्या शेफालीदींमार्फतच बोलत.

हेमंत यायच्या आदल्या दिवशी सलीलने धीर करून विचारलं, “तपनदा, उद्या काय सांगणार?”

“शेफाली, साहेबांना सांग, आमच्या पूर्वजांनी चालून येणाऱ्या मराठ्यांना अडवायला इथूनच खंदक खणायला घेतला होता. बुजवायला नको होता.”

“साहेब, तपनदा म्हणतायत की—”

“ऐकलं मी, शेफालीदी.”

“ऐकू येतं तर मला का राबवता दोघं?”

दुसऱ्या दिवशी सायकलव्हॅनवरून बाक परत आला. कढीपत्त्यासकट. कादंबरीने बजावलं होतं, “त्याला जागा बदललेली सोसत नाही.”

“अगं, पण जागा बदलतेच आहे ना?”

“बाक हीच त्याची जागा.”

तपनदांनी बाक पाहिला, कढीपत्ता पाहिला, आणि उभेच राहिले. ते उभे, म्हणून सगळे उभे. मातीच्या कुल्हडांतून चहा आला. कुणी उचलला नाही. सलीलचा शर्ट पाठीला चिकटला.

तेवढ्यात हेमंत आला. “वा, काय वातावरण आहे!” म्हणत तो थेट बाकावर बसला. नेमका तपनदांच्या जागेवर.

शेफालीदींनी डोळे मिटून घेतले.

“हं, तपनबाबू. इथे तुमची विचारपूस होते?”

पंखा फिरत होता. चहावर साय धरली. तपनदांनी हेमंतकडे पाहिलं, मग शेफालीदींकडे, आणि मग, कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदाच, थेट सलीलकडे.

“ए सलील, ह्यांना जरा सरकायला सांग. आणि तुझ्या त्या झाडाला पाणी घाल, मरायला टेकलंय.”

साहेब नाही. सलील! त्याने पाण्याची अख्खी बाटली कुंडीत उपडी केली. हेमंत मुकाट सरकला, तपनदा बसले, आणि मग बोलण्याचा बांधच फुटला. विचारपूस होते का, आणि ती करणं कुणाचं काम, असं हेमंतने ज्याला त्याला विचारलं. जो तो म्हणाला, “होते. आणि काम माझं.” एकही ‘नाही’ नाही.

हेमंतचा ऊर भरून आला. “परचुरे, तुमच्यासारखा माणूस बजबजला हवा! तिथे कुणी कुणाशी बोलतच नाही हो.”

“तिथे आहे कोण?”

“कुणीच नाही. तेच तर दुखणं आहे!”

आता पहिलं वाक्य वाचायला हरकत नाही.

संध्याकाळी बाकावर दाटीवाटीने बसून अर्ज तयार झाला. मजकूर तपनदांचा, सह्या सगळ्यांच्या:

‘मुख्य कचेरीस सविनय विनंती, की श्री. सलील परचुरे यांचे नाव कर्मचारी यादीतून वगळून या शाखेच्या फर्निचरमध्ये, बाक व कुंडी यांच्यामध्ये, नोंदवावे. फर्निचरला बदलीचे नियम लागू नाहीत. त्यांना पाणी घालण्याची सामुदायिक जबाबदारी आम्ही घेत आहोत. कळावे.’