चिंध्यांखालचा टेलिफोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. शिंप्याच्या दुकानात, इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर माझी जागा. कारखान्यातून आलो तेव्हा माझी बटणे लखलखत होती. आता पाचाचे बटण दोनदा दाबावे लागते.

आमचे मास्तर हाताचे सोने, पण जिभेचे कच्चे. गिऱ्हाईक विचारी, "मास्तर, पँट झाली का?" कापड गठ्ठ्यात तसेच पडलेले असले तरी मास्तर म्हणत, "परवा नक्की!" लोक हसत. मीही हसत असे.

मग नव्या शिलाई मशिनसाठी काढलेले कर्ज थकले आणि वसुलीवाल्याचे फोन येऊ लागले. मास्तर सवयीने त्यालाही म्हणाले, "परवा नक्की!" तो काही गिऱ्हाईक नव्हता. परवा उजाडला की तो गरजे, "शब्द फिरवता? गल्लीत येऊन सगळ्यांना सांगू?" ते शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडत. मला मेल्याहून मेल्यासारखे होई. शेवटी मास्तरांनी मला चिंध्यांच्या ढिगाखाली दडपले. तिथेही मी वाजतच राहिलो.

एका दुपारी मास्तरांनी चिंध्यांत हात घालून रिसीव्हर उचलला, तर वसुलीवाला एकदम गोड बोलला. "खात्याचा नंबर आणि कार्डामागचे तीन आकडे सांगा. सगळं मिटवून टाकतो."

खात्यात दुकानाचे भाडे होते, बाकी काही नाही. लाजेपायी मास्तर आकडे सांगणार, इतक्यात काजे करणाऱ्या मास्तरीणबाई उठल्या.

"अहो, माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावता का कधी?"

त्यांनी मास्तरांच्या हातून रिसीव्हर घेतला.

"दादा, कर्ज आमचंच आहे. पण बाकी किती, तुम्ही कोणाकडून बोलता, ते कागदावर पाठवा. झेपेल तो हप्ता आम्ही ऑफिसात जाऊन ठरवू. आणि पुन्हा धमकावलंत तर तक्रार करीन."

"मास्तरांना द्या!"

"मास्तर माप घेताहेत."

मास्तर गळ्यातली टेप चाचपत खाली बघत उभे होते.

दुसऱ्या दिवशी दोघे कर्ज देणाऱ्या ऑफिसात गेले. परत आल्यावर मास्तर म्हणाले, "ते म्हणाले, कार्डाचे आकडे आम्ही कुणालाच विचारत नाही." तो कोण होता, हे आम्हाला अजून कळलेले नाही. हप्ता मात्र लहान ठरला, लेखी ठरला, आणि पैसे भरले की पावती मिळते.

मास्तरांनी मला चिंध्यांतून काढून पुसले. मी वाजलो की ते अजूनही दचकतात. मलाही ओशाळल्यासारखे होते. पण परवा एका गिऱ्हाइकाला ते म्हणाले, "शुक्रवारी जमणार नाही. सोमवारी या."

मित्रांनो, लाज वाटली तर वाटू द्या, पण मला चिंध्यांखाली लपवू नका. मला उघड्यावर ठेवा, आणि असा फोन आला की घरातल्या कुणाला तरी जवळ बोलवा.