जावेच्या घरची खिचडी

डबा पदराखाली धरून मंगला जिन्याच्या अर्ध्यावर थबकली. खाली जावेच्या घरात तिची लेक मृणाल खळखळून हसत होती. वरच्या घरात ते हसू कधीचं ऐकू आलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मृणालच्या आजाराला नाव मिळालं, बुलिमिया. लपूनछपून अधाशासारखं खायचं आणि मग नळ मोठा सोडून सगळं ओकून टाकायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "उपाशी राहायचं नाही. वेळच्या वेळी जेवायचं, आणि नंतर तासभर कुणीतरी जवळ बसायचं. कोण बसेल?"

मंगला खुर्चीत पुढे सरकली होती. मृणाल म्हणाली, "उज्ज्वलाकाकू."

उज्ज्वला! जिच्या फोडणीला धुराखेरीज दुसरा वास नाही! मंगलाच्या पुरणपोळीचं नाव सुरतेच्या सगळ्या भेस्तानात, आणि तिच्या पोटची पोर जेवायला जाणार खाली!

तिने दार ढकललं.

"या वहिनी!" उज्ज्वला भरल्या तोंडाने म्हणाली. "खिचडीने तळ धरलाय. आम्ही वरवरची खातोय."

"खोटं! करपलेली सगळी मला वाढते," मृणाल म्हणाली. "जो ने, आई, बघ ना!"

मंगलाने डबा उघडला. "शेवभाजी आणलीय, तुझ्या आवडीची. घे दोन घास. इथे काय मिळतंय ते दिसतंच आहे."

मृणालचं हसू मावळलं. उज्ज्वला खाली मान घालून जेवत राहिली.

"असं आहे तरी काय इथे?" मंगलाचा आवाज चिरकला. "इतकी वर्षं तव्यावरची गरम पोळी वाढली तुला..."

"वाढलीस," मृणाल हळूच म्हणाली. "पण माझ्यासोबत कधी जेवलीस? उभी राहून बघायचीस. एकेक घास."

उज्ज्वलाने उठून तिसरं ताट मांडलं. "बसा, वहिनी."

"मला नको. आज गुरुवार, माझा उपास..."

बोलता बोलता तिने मृणालकडे पाहिलं. मृणालचा हात ताटातच थांबला होता. ती आईकडे नाही, त्या रिकाम्या ताटाकडे बघत होती.

मंगला बसली. पातेल्याच्या तळची खिचडी तिने स्वतःच वाढून घेतली आणि पहिला घास घेतला. जरा वेळाने मृणालचा हात हलला.

जेवणं झाली तशी मंगला सवयीने ताटं उचलायला लागली.

"आई, बस. तास व्हायचाय अजून."

उज्ज्वलाने पत्ते पिसून तिघींना वाटले. मृणालने आपली खुर्ची काकूच्या बाजूला सरकवली. मंगलाने ते पाहिलं, आणि आपली पानं उचलली.