डोळ्यांदेखत शंभर सह्या

आर्डिसनं अमेरिकेत डकोटाच्या माळावर एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, आणि दुसऱ्यानं मोजलेल्या पोरांवर बस कधी जागची हलवली नाही. स्वतः उठायची, मागच्या बाकापर्यंत जायची, डोकी मोजायची, मगच निघायची. असली बाई निवडणुकीसाठीचा सह्यांचा कागद बी-बियाण्याच्या दुकानात गल्ल्याशेजारी ठेवून जाते, याला काय म्हणावं? घाई, दुसरं काय! काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मंडळानं नदीवरचा पूल बंद करायचा घाट घातला होता. पूल गेला की पलीकडच्या पोरांना शाळेसाठी चाळीस मैलांचा वळसा. म्हणून साठी उलटल्यावर ती मंडळाच्या निवडणुकीला उभी राहायला निघाली, तीही मंडळातल्या कर्मिट ब्रँडव्होल्डच्या विरोधात. बारा वर्षं त्याच्यासमोर कुणी उभंच राहिलं नव्हतं. मतपत्रिकेवर नाव यायचं तर काउंटीतल्या शंभर मतदारांच्या सह्या हव्यात, एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी पाचच्या आत.

त्या मंगळवारी दुपारी दोनला ती एकशे सात सह्या घेऊन कचेरीत हजर झाली. तिथली कारकून मॅव्हिस प्रत्येक कागदाखालची शपथ वाचायची आणि आर्डिस सही करायची. शेवटचा कागद दुकानातला, तेवीस सह्यांचा.

"यावरची प्रत्येक सही माझ्या डोळ्यांदेखत झाली," मॅव्हिसनं वाचलं.

आर्डिसचा हात थबकला. नावं सगळी ओळखीची, अक्षरं ओळखीची, खोटं त्यात काही नव्हतं. सही ठोकली असती तर कुणाला पत्ता लागणार होता?

"हा कागद बाद कर," ती म्हणाली. "मी तिथं नव्हते."

"सोळा कमी पडतात गं."

"मोजता येतं मला."

तिनं दुकानात फोन करून झालेलं सांगितलं आणि सह्यांसाठी माणसं कचेरीत पाठव म्हणाली. पलीकडून दुकानदार म्हणाला, आज? तीन आठवड्यांच्या पावसानंतर आज पहिल्यांदा वाफसा आलाय, सगळे पेरणीवर आहेत. ते तिलाही कळत होतं. अशा दिवशी घरात बाळंतपण असलं तरी इथला माणूस म्हणतो, एवढा पट्टा संपवून येतो. मागितलं हेच चुकलं, असं वाटून ती कोरा कागद मांडीवर घेऊन कचेरीच्या पायरीवर बसली.

साडेतीनला रस्त्यावर धूळ दिसली. मग आणखी एक लोट. गव्हाची पेरणीयंत्रं शेतात तशीच उभी करून, चिखलाच्या बुटांनी माणसं येत होती. बरीचशी तिच्याच बसमधली पोरं, आता टक्कल पडलेली. एकामागं एक रांगेत उभी राहिली, जशी बसला राहायची.

"आज नीट मोज, आर्डिस," एकानं टोमणा मारला. एका सहीसाठी माणूस अशा दिवशी वाफशातलं शेत सोडतो, हे तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

पावणेपाचला नव्व्याण्णव झाल्या आणि रस्ता रिकामा पडला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना एक गाडी थांबली. नातीच्या खांद्याला धरून ओरिन ब्रँडव्होल्ड उतरला. वय एक्क्याण्णव, उजवं अंग लुळं, आणि कर्मिटचा सख्खा बाप. संपलं सगळं, आर्डिसला वाटलं. म्हातारा खरडपट्टी काढायला आलाय.

तिच्यासोबत आत टेबलापाशी येऊन त्यानं डावा हात पुढे केला आणि पेन मागितलं.

अक्षरं एकेक करून उमटू लागली. मध्येच तो दम खायचा. भिंतीवरचं घड्याळ आर्डिसच्या पाठीमागे होतं, पण मान वळवायची सोय नव्हती. शपथ घ्यायची तर बघायला हवं. ती बघत राहिली. आडनाव लांबलचक होतं. त्याचं प्रत्येक वळण त्या थरथरत्या हातानं पुरं केलं.

"मत मी माझ्या पोरालाच देणार," पेन ठेवत ओरिन म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो."

"मग सही कशाला केलीस?"

"बारा वर्षं मतपत्रिकेवर एकच नाव येतंय. दुसरं नावच नसेल तर मी त्याला निवडलं असं कोणत्या तोंडानं म्हणू?"

मॅव्हिसनं शपथ वाचली, यावेळी उभं राहून. घड्याळात पाचला तीन मिनिटं कमी होती. आर्डिसनं सही केली तेव्हा तिचे डोळे इतके भरले होते की तिला कागद धड दिसत नव्हता. पण बघायचं ते सगळं तिनं बघितलं होतं.